सात दहाचा गजर

सात वाजून दहा मिनिटं झाली, अकरा झाली, बारा झाली, आणि गजर वाजला नाही. तिनंच तो आदल्या दिवशी मोबाइलमधून काढून टाकला होता, तेव्हा न वाजण्यात नवल असं काहीच नव्हतं; तरी ती अंथरुणात डोळे टक्क उघडे ठेवून तो वाजायची वाट बघत पडली होती. दहा वर्षं हा गजर वाजत आला होता, अगदी लग्नाच्या आठवड्यापासून. सुट्टी असो, ताप असो, परगावचा मुक्काम असो, सात दहा म्हणजे सात दहा. मग उशाशी ठेवलेलं पाकीट, मग अंगठ्याखाली चंदेरी कागद फुटल्याचा चट्ट असा आवाज, मग पाण्याचा एक घोट. एवढं उरकलं की दिवस सुरू झाला असं समजायचं. आज दिवस नुसताच उजाडला होता, सुरू काही झाला नव्हता. बाथरूमचं दार उघडं होतं आणि नवरा बेसिनपाशी उभा राहून दाढी करत होता. तो लिफ्टचा मेकॅनिक, आठाच्या आत घराबाहेर पडणारा माणूस. नळ बंद होता. या वेळी तो नेहमी नळ बंद ठेवूनच दाढी करायचा. काटकसरी आहे बिचारा, पाणी वाया घालवत नाही, असं तिला कित्येक वर्षं वाटत आलं होतं. त्यानं आरशातूनच विचारलं, "आज वाजला नाही तुझा?" "काढून टाकला," ती म्हणाली. "गोळ्या बंद केल्या." पुढचं वाक्य तयार होतं. चार दिवस घोकून ठेवलेलं: त्याऐवजी दंडात कांडी बसवून घेतलीय, तीन वर्षांची. अगदी जिभेवर होतं. पण त्याचा हात गालावरच थांबला, आणि आरशात, अर्ध्या फेसाच्या चेहऱ्यावर, भुवया वर गेल्या, तोंड जरासं उघडं राहिलं आणि डोळ्यांत काहीतरी चमकलं. "बरं," तो म्हणाला. एवढंच. मग झालेल्याच गालावर त्यानं पुन्हा एकदा वस्तरा फिरवला. डबा घेऊन तो दारातून बाहेर पडला तेव्हा डाव्या जबड्यापाशी खुंटांची एक पट्टी तशीच राहून गेली होती. आनंदानं माणूस असा वेंधळा होतो, तिच्या मनात आलं. घोकलेलं वाक्य तिच्याकडेच राहिलं.

खरं तर तिनं कुणापासून काही लपवायचं असं ठरवलेलंच नव्हतं. डोकं दुखायचं म्हणून ती दवाखान्यात गेली होती. दुखायच्या आधी डोळ्यांसमोर एक वाकडीतिकडी रेघ यायची, चमचमणारी, करवतीच्या दातांची, आणि अर्धं जग वीस मिनिटं त्या रेघेमागं जायचं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "अशी रेघ दिसत असेल तर या गर्भनिरोधक गोळ्या आता तुम्हाला नकोत," त्या म्हणाल्या. "धोका असतो. बंद करायला हव्यात. दुसरे उपाय आहेत, आणि रोज लक्षात ठेवायलाही नको." मग त्यांनी दाखवली ती कांडी, काडीपेटीतल्या काडीएवढी, पांढरी, बोटानं वाकणारी. दंडाच्या आत, कातडीच्या लगेच खाली. पाळीचं नक्की सांगता येत नाही म्हणाल्या. कुणाचं थेंब थेंब चालू राहतं, कुणाची थांबूनच जाते, थांबली तरी घाबरायचं नाही. त्या आठवड्यातच ती बसवायला गेली. सिस्टर हात पुसायला कापूस घेऊन उभी राहिली आणि सहज म्हणाली, "कोणत्या हातानं लिहिता? दुसऱ्या हातात घालू, म्हणजे कामाला त्रास नको." आणि ती म्हणाली, "डाव्या." चक्क खोटं. शाळेपासून ती उजव्या हातानं लिहीत होती, उजव्या हातानं पोट भरत होती. पण नवरा तिच्या डाव्या बाजूला झोपायचा, आणि झोपेत तिचा डावा दंड धरून ठेवायची त्याची सवय होती, बसमधला दांडा धरावा तशी. हा विचार तिनं केला नव्हता. तो तिच्या आधीच कुणीतरी तिच्या आत करून ठेवला होता आणि उत्तरही देऊन टाकलं होतं. सुई टोचली, दंड बधिर झाला, एक दाब आला, आणि झालं. "सुटलात रोजच्या कटकटीतून," सिस्टर पट्टी गुंडाळत म्हणाली. घरी तिनं पट्टीचं कारण भट्टीच्या दाराचा चटका असं सांगितलं. पुढं बाह्या लांब घातल्या. पट्टी निघाली तेव्हा आत एक निळा डाग होता, तो आठवड्याभरात हिरवा झाला, पिवळा झाला आणि गेला. कांडी राहिली. अंगठा फिरवला की जरा पुढं सरकायची आणि परत जागेवर यायची.

दातांच्या लॅबमध्ये ती चौदा वर्षं काम करत होती. तिथं माणसं येत नाहीत, जबडे येतात. दवाखान्यांतून गुलाबी मसाल्याचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, सुकलं की काढायचं, मग मेणाचा दात कोरायचा, मग चिनी मातीचा थर ब्रशनं चढवायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा चढवायचा. चौदा वर्षांत तिनं हजारो अनोळखी लोकांच्या तोंडात आपलं काम पाठवलं होतं आणि रस्त्यात कुणी खळखळून हसलं की तिला उगाच वाटायचं, ही दाढ आपली. ठसा वाचायची एक सवय लागते. ठशात खड्डा दिसला की तिथं दात आहे, उंचवटा दिसला की तिथं काही नाही, सगळं उलटं, आणि ती ते इतक्या वर्षांत डोळे मिटूनही वाचू शकत होती. मास्तर, म्हणजे लॅबमधले सगळ्यांत जुने कारागीर, म्हणायचे की हिच्या हाताला डोळे आहेत. आता त्याच हाताच्या वर, दंडात, एक काडी बसली होती. ब्रश उचलला की कळायची. दुखायची नाही, कुणीतरी मागून खांद्याशी येऊन उभं राहिलं की न बघता कळतं, तशी कळायची. एकदोनदा तिनं खरोखर मागं वळून पाहिलं. मागं भट्टी होती आणि तिच्यावरचा आकडा चढत होता.

आठ वर्षांपूर्वी एकदा चुकलं होतं. पोट बिघडलं होतं, दोन दिवस पोटात काही ठरत नव्हतं, गोळीही ठरली नसणार, हे तेव्हा लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा सातवा आठवडा होता. ती अठ्ठावीस वर्षांची होती, त्याची नोकरी नवी होती, ही सगळी कारणं खरी होती आणि यातलं एकही तिचं कारण नव्हतं. तिला नको होतं, एवढंच. का नको याच्या खाली काही सापडत नव्हतं; तिनं शोधून पाहिलं होतं. "आत्ता नको," ती त्याला म्हणाली, आणि तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." त्याचं हे वाक्य पडदा कुठला घ्यायचा इथपासून सगळ्याला लागू होतं. दोघं मिळून दवाखान्यात गेले. तो बाहेर बाकावर बसला. ती बाहेर आली, दोघं टॅक्सीत बसले आणि तिला भूक लागली. साधीसुधी नाही, कडकडून. वाटेत एका हॉटेलात थांबून तिनं चार टोस्ट खाल्ले, लोणी माखून, वर चहा. तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि तो समोर बसून ताटलीतला टोस्ट नुसता चुरत होता. त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्या चुऱ्याकडं बघताना तिला समजलं की याला ते हवं होतं. आपल्याला रडू येत नाही, उलट भूक लागते, याची तिला त्या दिवशी भीती वाटली, ती कायमची. "आत्ता" हा शब्द मात्र टेबलावर राहिला. त्यानं तो कधी उचलून दाखवला नाही. पण ती हिशेब ठेवत राहिली: आता चालत असतं, आता बोलत असतं, आता शाळेत गेलं असतं. दोन वर्षांपूर्वी एका इमारतीत सहा वर्षांची मुलगी लिफ्टमध्ये अडकली. दोन मजल्यांच्या मधे. तिला सोडवायला चाळीस मिनिटं लागली, आणि ती सगळी चाळीस मिनिटं नवरा दाराच्या फटीला तोंड लावून तिच्याशी बोलत राहिला होता. घरी आला तो न जेवता भिंतीकडं तोंड करून झोपला. सहा वर्षांची, तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली आणि ताटं उचलली. तेव्हापासून तिची पक्की समजूत झाली की ते मूल अगदीच नाहीसं झालेलं नाही, ते याच्याजवळ आहे. आपण टाकलं, यानं सांभाळलं. आणि सांगायला चमत्कारिक वाटेल, पण या विचाराचा तिला एका बाजूनं आधारच होता. घरात कुणीतरी एक चांगलं माणूस आहे, असा.

गोळी होती तोवर हे सगळं रोज सकाळी एकदा निभून जायचं. सात दहाला ती "नाही" म्हणायची, पाण्याच्या घोटाबरोबर ते खाली जायचं आणि मग दिवसभर तिला कुणी काही विचारत नसे. आता ते "नाही" एकदमच तीन वर्षांचं म्हणून झालं होतं. दंडातल्या कांडीचं काम ते. तिच्याकडं ते काम उरलं नाही. आणि जे रोज सकाळी दारातूनच परत जायचं ते, दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात, घरात आलं. दिसायचं काही नाही. पण ती दुधाचं भांडं ठेवताना त्याचा दांडा आतल्या बाजूला वळवायला लागली. टेबलाच्या कडेला ठेवलेली कात्री उचलून वर फळीवर ठेवायला लागली. एकदा संध्याकाळी ताटं घेताना तिनं तीन चमचे काढले, बघत राहिली, आणि तिसरा चमचा खणात टाकताना इतक्या हलक्या हातानं टाकला की आवाज होऊ नये. कशाला होऊ नये? कोण झोपलं होतं? मागच्या अरुंद खोलीत, जिथं त्याची लिफ्टची जुनी चाकं आणि तिचे फुटके जबडे खोक्यांत भरून ठेवलेले होते, तिथून कधी कधी खुर्ची सरकल्यासारखं वाटायचं. त्या खोलीत खुर्ची नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, सुरुवातीला मन जरा वरखाली होतं, होईल कमी. तिच्या हनुवटीवर सोळाव्या वर्षी यायची तशी एक पुटकुळी आली होती, छाती दुखरी झाली होती, आणि आईचा रविवारचा फोन आला की "बाकी काय विशेष?" या साध्या प्रश्नाला तिला रडू फुटेल असं व्हायचं. आई दहा वर्षं हाच प्रश्न विचारत होती आणि दहा वर्षं ती "विशेष काही नाही" म्हणत होती. आता म्हणताना जीभ अडखळायची.

पहिल्या महिन्यात थोडे तपकिरी डाग पडले, ते तिनं कुणाला दिसू दिले नाहीत. मग तेही थांबलं. बाथरूमच्या दारामागं खिळ्याला रबराची लाल पिशवी टांगलेली असायची, गरम पाण्याची. दर महिन्याला पाळीच्या पहिल्या दिवशी तो ती भरून, टॉवेलात गुंडाळून, न सांगता तिच्या पोटावर आणून ठेवायचा. लग्नाचं सुख म्हणून तिला कुणी विचारलं असतं तर तिनं हीच गोष्ट सांगितली असती. पहिल्या महिन्याच्या शेवटी त्यानं विचारलं, "पिशवी भरू?" "नको," ती म्हणाली. दुसऱ्या महिन्यात त्यानं विचारलं नाही. फक्त दात घासताना तो पिशवीकडं बघत होता, आणि ती त्याच्याकडं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पिशवी खिळ्यावर नव्हती. त्यानं ती उतरवून, पुसून, आतलं रबर एकमेकाला चिकटू नये म्हणून पावडर टाकून, खणात घडी करून ठेवली होती. "सध्या लागणार नाही ना?" तो हळूच म्हणाला. "नाही," ती म्हणाली. हेही खरंच होतं. चटक्याचं सोडलं तर ती त्याला एक अक्षर खोटं बोलली नव्हती. नुसती खरं बोलत गेली होती आणि त्या खऱ्याखऱ्यातून घरात एक मूल उभं राहिलं होतं. सांगायला हवं, आज सांगायला हवं, ती रोज म्हणायची. पण तो हत्यारांची पेटी जमिनीवरून उचलून कपाटावर ठेवायचा, तिच्या हातातली बादली काढून घ्यायचा, "बरं वाटतंय ना?" म्हणून विचारायचा, आणि तिची हिंमत व्हायची नाही. एकदा त्याच्याकडून घेऊन टाकलं होतं. पुन्हा घ्यायचं? या वेळी तर घेण्यासारखं काही नव्हतंच, आणि तेच सांगायचं होतं. त्यानं हे कळल्यावर घर सोडलं असतं तरी तिला तो चुकला असं वाटलं नसतं. तो वाळला होता. ताटात अन्न ठेवत होता. चहा करताना बेसूर गुणगुणायची त्याची खोड होती, ना चाल ना शब्द. ती कधी थांबली हे तिला कळलंही नाही, एक दिवस स्वयंपाकघर शांत वाटलं तेव्हा कळलं. कान देऊन असतो बिचारा, हाक ऐकू यावी म्हणून, असा तिनं अर्थ लावला. "डॉक्टरकडं जायचं ना?" त्यानं एकदा विचारलं. "जाऊ," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात लॅबमध्ये एक लहान जबडा आला. चिठ्ठीवर वय सात. खालची एक दुधाची दाढ किडून वेळेआधीच काढावी लागली होती आणि तिच्या जागचा पक्का दात यायला अजून तीन वर्षं होती. तेवढी वर्षं मधली जागा मोकळी राहिली तर मागची दाढ पुढं कलते आणि नवीन दाताची वाट बंद होते. म्हणून मागच्या दाढेला एक कडं बसवून पुढं तारेचा फास काढायचा, तो पुढच्या दाताला टेकतो आणि जागा राखून धरतो. तिनं अशा शेकडो तारा वाकवल्या होत्या. पकड घेऊन ती बसली, दंडातली कांडी जागी झाली, आणि ते प्लास्टरचे इवलेसे दात, कडांना कंगोरे असलेले, नुकतेच आलेले, तिच्याकडं बघत राहिले. तार वाकवून, घासून, चकचकीत करून तिनं मास्तरांसमोर ठेवली. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, जबडा उचलून डोळ्यांपाशी नेला. "हे काय केलंस?" ते म्हणाले. "जागा राखलीस ती ठीक. पण फास इतका चिमटलास की खालून दात यायचा म्हटला तर येईल कुठून? अडकून पडेल की गं आतल्या आत." त्यांनी तारेच्या फासात पेन्सिल घालून पाहिली, जात नव्हती. "अशी चूक तू शिकाऊ असतानाही केली नाहीस. डोकं दुखतंय का?" "नाही," ती म्हणाली. "आता दुखत नाही." हेही खरंच. तिनं तार सोडवली आणि नव्यानं वाकवायला घेतली, तर पकड हातातून निसटली. येणाऱ्याची वाट तिनं बंद केली होती, तीही इतक्या सफाईनं की करताना कळलं नव्हतं. मास्तरांनी पकड उचलून आपल्याकडं घेतली आणि म्हणाले, "जा, तोंडावर पाणी मार. मी करतो हे." चौदा वर्षांत पहिल्यांदा तिचं काम दुसऱ्यानं पुरं केलं. बेसिनपाशी उभी राहून तिनं ठरवलं, रविवारी. काहीही होवो.

रविवारी दुपारी ती भांडी आवरून मागच्या खोलीच्या दाराशी आली तर खोली रिकामी झाली होती. चाकं नव्हती, खोकी नव्हती. सगळं त्यानं जिन्याखाली नेऊन ठेवलं होतं. फरशीवर जिथं खोकी होती तिथं धुळीचे चौकोन उमटले होते, आणि त्यांच्या मधोमध तो मोजपट्टी घेऊन बसला होता. खिडकीकडं बघत. "जाळी लावावी लागेल," तो म्हणाला. "तीनदा मोजली. दर वेळी विसरतोय." त्याचा आवाज पार खोल गेला होता. इतकं जपायचं माणसानं, तिला वाटलं, आणि आता आपण याच्या हातातून हे ओढून घेणार. ती त्याच्या शेजारी धुळीतच बसली, उजवी बाही वर सारली, त्याचा अंगठा धरून दंडावर ठेवला. "दाब इथं."

"काय आहे?" त्यानं दाबलं. कांडी सरकली. त्यानं अंगठा झटकन उचलला आणि पुन्हा ठेवला. "काय आहे हे?"

"कांडी. गोळ्यांच्या ऐवजी. डोळ्यांसमोर रेघ यायची ना, म्हणून डॉक्टरबाईंनी बदलायला सांगितलं. तीन वर्षं चालते." तिला वाटलं होतं रडू येईल, पण आवाज कोरडा आला. "पाळी यानंच थांबलीय. दुसरं काही नाही. कुणी नाही. मी त्याच दिवशी सांगणार होते आणि सांगितलं नाही. तुझा चेहरा बघितला आणि सांगितलं नाही."

त्यानं तिचा दंड दोन्ही हातांनी धरला, त्याच्यावर कपाळ टेकलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. तिनं दंड तसाच त्याच्या हातात राहू दिला. रडू दे, ओरडू दे, हात उगारला नाही आयुष्यात, आज उगारला तर उगारू दे. मग त्यानं तोंड वर केलं. ओलं होतं, धुळीनं माखलं होतं. "नक्की?" तो म्हणाला. "नक्की ना? अगदी नक्की?"

"नक्की."

"जीव भांड्यात पडला गं," तो म्हणाला, आणि हसला. रडता रडता हसला. तीन महिन्यांत ती त्याला हसताना पहिल्यांदा बघत होती. "मला वाटलं तुला हवंय. तू गोळ्या बंद केल्यास, एका शब्दानं न विचारता. मी म्हटलं, आठ वर्षं हिनं मनात धरलं असणार. तेव्हा झालं ते झालं, आता हिला नको कसं म्हणायचं? कोणत्या तोंडानं?"

"तू नको म्हणणार होतास?"

"मला भीती वाटते. पहिल्यापासून वाटते." एकदा सुटल्यावर तो थांबेना. "ती लिफ्टमधली मुलगी आठवते? चाळीस मिनिटं ती मला काका काका करत होती, काका जाऊ नका. आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. जिना उतरून सरळ. कुणीतरी इतकं आपल्यावर विसंबून आहे हे मला सोसत नाही. माझ्यात नाहीच ते. रोज सकाळी मी नळ बंद ठेवून उभा राहायचो. तुझ्या गोळीचा आवाज यायचा ना, चट्ट, तो ऐकू यावा म्हणून. तो आला की नळ सोडायचो. आठ वर्षं. त्या सकाळी आला नाही, आणि मी झालेल्याच गालावर वस्तरा फिरवत राहिलो."

"पण तेव्हा," ती म्हणाली, "त्या हॉटेलात. तुझ्या तोंडात घास जात नव्हता."

"लाज वाटत होती," तो म्हणाला. "तू आत दुखणं काढून आलीस आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. तुझ्यासमोर चवीनं खाऊ कसा?"

त्यानं तोंड पुसलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खांद्याला धरून एकदा जवळ ओढलं. मग उठला, हलका उठला, दहा वर्षं मागं गेल्यासारखा. "खोकी आणतो परत वर," तो म्हणाला. "नको, आधी चहा टाकतो." त्याची पावलं स्वयंपाकघराकडं गेली.

ती धुळीच्या चौकोनांमधे बसून राहिली. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. घर वाचलं होतं, नवरा कुठं जाणार नव्हता, कुणी तिला दोष दिला नव्हता. तिला राग आला होता. त्याचा नाही, निदान सगळा त्याचा नाही. चौदा वर्षं ठसे वाचणाऱ्या बाईनं एक चेहरा उलटा वाचला होता. चेहरा म्हणजे ठसा नव्हे, पण तिथंही खड्ड्याला दात समजून आठ वर्षं त्याच्या भरवशावर काढली होती. ते याच्याजवळ आहे, यानं सांभाळलंय. आणि यानं ते कधी घेतलंच नव्हतं. मग कुठं होतं ते इतके दिवस? टोस्ट खाताना, ताटं उचलताना, तिसऱ्या चमच्यापाशी? दोन माणसांच्या घरात त्याची वाट बघणारं एकही माणूस नव्हतं, एक दिवसही नव्हतं, आणि हे आज तिला कळलं. तिला नको होतं ते तिला आताही नकोच होतं. पण कुणालातरी हवं असायला पाहिजे होतं, निदान एकाला, असं तिला इतक्या तीव्रतेनं वाटलं की तिनं अंगठ्यानं कांडी दाबून धरली, दुखेपर्यंत.

मग ती उठली. खणातून लाल पिशवी काढली, तिची घडी उलगडली तशी पावडर हातभर उडाली. बाथरूमच्या नळाला गरम पाणी येईतो उभी राहिली, पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली आणि त्या रिकाम्या खोलीत येऊन भिंतीला टेकून पोटावर घेऊन बसली. पोटात काहीच दुखत नव्हतं. स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज झाला, पाणी उकळल्याचा झाला, आणि त्याच्या मागून तो गुणगुणायला लागला. तेच, ना चाल ना शब्द, बेसूर, अगदी मोकळ्या गळ्यानं. "गाळू का गं?" त्यानं हाक मारली. "आले," ती म्हणाली, आणि पिशवी निवेपर्यंत जागची हलली नाही.